लिंडा मॅकार्टनी: शाकाहारी सायकल संघ खरंच होता का, आणि बंद का पडला?

पेडलवाली_नाशिक

नमस्कार मंडळी,

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये सध्या एक वाद पेटलाय आणि मला त्यात नीट माहिती हवी आहे.

मी जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मागच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळेत पूर्ण केली, आता ३०० ची तयारी चालू आहे. ग्रुपमधले एक सीनिअर दादा (माणूस चांगला आहे, पंक्चर काढायला सगळ्यांच्या आधी धावतो) मला सारखे सांगतात की २०० पर्यंत ठीक, पुढे अंडी-चिकन सुरू केल्याशिवाय पाय साथ देणार नाहीत. कसारा घाट चढून वर आलो, चहाला थांबलो, की हा विषय निघालाच म्हणून समजा.

परवा ग्रुपमधलाच एक मुलगा म्हणाला, "ताई, इंग्लंडमध्ये एक अख्खा प्रोफेशनल संघ शाकाहारी होता. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या बायकोच्या नावाचा. जिरोसुद्धा खेळलाय, इटलीतली ती तीन आठवड्यांची मोठी शर्यत." मला इतका आनंद झाला! पण दादांनी लगेच मोबाईलवर शोधलं आणि म्हणाले, "बघ, दोन-तीन वर्षांत बुडाला. यातच काय ते आलं." सगळे हसले. मी गप्प बसले, कारण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

तर इथे जुने जाणकार आहेत म्हणून विचारते. हा संघ नक्की काय होता? कुणी जिंकलं का त्यातलं, की नुसती जाहिरात होती? आणि बंद पडला तो खाण्यामुळे का? मला दादांना हरवायचं नाहीये, पण पुढच्या रविवारी काही बोलायचं तर खरं बोलायचंय.

---

जुना_स्वार

ताई, संघ होता, शाकाहारी होता आणि बुडाला. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण बुडण्याचा आणि खाण्याचा काडीचाही संबंध नाही. तुमच्या दादांनी दोन खऱ्या गोष्टींची गाठ मारून तिसरी चुकीची काढली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा संघ माझ्या फार जवळचा आहे.

त्या वर्षांत मी नोकरीसाठी इंग्लंडमध्ये होतो, बर्मिंगहॅमच्या बाहेर. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाची तेव्हा तिथे मोठी पंचाईत व्हायची. सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये लिंडा मॅकार्टनीच्या नावाचे डबे असायचे, सोयाचे सॉसेज, 'पाय' (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) वगैरे. १९९१ पासून ते बाजारात आले होते. आमच्या घरी त्या सॉसेजचे तुकडे करून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा व्हायचा, भाकरीबरोबर. त्यामुळे १९९८ मध्ये सायकलिंगच्या साप्ताहिकात तेच नाव एका संघाच्या जर्सीवर पाहिलं तेव्हा मी तो अंक जपून ठेवला. आपण जे खातो तेच खाऊन हे लोक शर्यती धावणार होते!

कल्पना साधी होती. खाद्यपदार्थांच्या कंपनीचा पैसा, लिंडाबाईंचं नाव, आणि अट एकच: संघात असताना मांस-मासे नाहीत. लिंडाबाई स्वतः एप्रिल १९९८ मध्ये कर्करोगाने गेल्या, म्हणजे संघाचा पहिला हंगाम जेमतेम सुरू झाला होता तेव्हाच. पुढे जे काही झालं ते त्यांच्या पश्चात.

सुरुवात छोटीच होती, ब्रिटनमधल्या शर्यतींपुरती. पण संघाची सूत्रं शॉन येट्सकडे आली. नवीन मंडळींसाठी सांगतो, येट्स म्हणजे १९८८ च्या टूर द फ्रान्समध्ये टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) जिंकलेला आणि १९९४ च्या टूरमध्ये एक दिवस पिवळी, म्हणजे आघाडीवीराची जर्सी घातलेला माणूस. वाऱ्यात तोंड घालून तासन् तास घोळका ओढायचा, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. असा माणूस मोटारीत बसून सूचना द्यायला लागला की पोरांची छाती आपोआप फुगते. दुसरी मजेशीर भरती म्हणजे स्पेन्सर स्मिथ, ट्रायथलॉनचा दोन वेळचा जगज्जेता. तोही इथे रस्त्यावरच्या शर्यतींत उतरला.

२००० साली खरी उडी मारली. मॅक्स शांद्री आणि पास्कल रिशार या दोघांना संघात घेतलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण रिशारचं आणि कांस्य शांद्रीचं. म्हणजे त्या शर्यतीच्या व्यासपीठावरच्या तिघांपैकी दोघे आता एकाच शाकाहारी टेबलावर जेवत होते. दादांना हे आवर्जून सांगा. शांद्रीने त्याच वर्षी इटलीतली जिरो देल लाझिओ जिंकली.

आणि त्याच वर्षी संघाला जिरो द'इतालियाचं आमंत्रण आलं. जिरोत उतरलेला हा पहिला ब्रिटिश संघ. श्रेणी दुसरी, बजेट बेताचं, आणि समोर पांतानी, चिपोल्लिनी, गार्झेल्ली ही इटलीची गाजलेली नावं. सुरुवात रोममध्ये होती, ख्रिस्ती ज्युबिलीचं वर्ष असल्यामुळे पोप जॉन पॉल दुसरे यांनी खेळाडूंना भेट दिली होती.

आता सातव्या टप्प्याचं सांगतो, कारण मुख्य गोष्ट तीच. वास्तो ते तेरामो. डेव्हिड मॅकेन्झी नावाचा ऑस्ट्रेलियन पोरगा, १९९८ चा त्याच्या देशाचा रोड चॅम्पियन, पण युरोपात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. टप्पा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना तो एकटाच फुटून पुढे गेला.

एकटं पुढे जाणं म्हणजे काय, हे तुमच्यासारख्या बीआरएमवाल्यांना कळेल. मागे घोळक्यात दीडशेच्या वर लोक एकमेकांच्या आडोशाने जातात. आत बसलेल्याची निदान एक तृतीयांश ताकद वाचते. पुढच्या एकट्याला मात्र सगळा वारा स्वतःच्या छातीवर घ्यायचा. घोळक्याचं गणितही ठरलेलं असतं: शेवटी दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट कापता येतं. म्हणून ते पुढच्याला सावकाश शिजू देतात आणि शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये ओढून घेतात. एकट्याने केलेल्या अशा शंभर प्रयत्नांतले नव्वदच्या वर असेच वाया जातात. जे जातात त्यांनाही हे माहीत असतं. तरी जातात, कारण निदान दिवसभर टीव्हीवर प्रायोजकाचं नाव दिसतं.

मॅकेन्झी दीडशेच्या वर किलोमीटर एकटा होता. दीडशे, एकटा, मे महिन्यातल्या मध्य इटलीच्या चढउतारांवर. आणि घोळक्याचं गणित त्या दिवशी चुकलं. तो तेरामोमध्ये एकटाच पोचला आणि जिंकला. मी निकाल टेलिटेक्स्टवर वाचला, काळ्या पडद्यावरची एक ओळ, आणि घरात मोठ्याने ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला काही लागलं.

हे सगळं शाकाहाराची अट असलेल्या संघाने केलं, ताई. ज्या खेळाडूला दिवसाला पाच हजारांच्या आसपास कॅलरी लागतात, तीन आठवडे, तिथे.

आता बुडण्याचं. २००१ साठी मोठे बेत होते. प्रायोजक म्हणून जॅग्वार आणि जेकब्ज क्रीक ही दोन नावं जर्सीवर येणार असं खेळाडूंना सांगितलं गेलं होतं. त्या भरवशावर नवीन करार झाले. वीस वर्षांचा एक पोरगा, नुकतंच सिडनीत सांघिक परस्यूटचं (ट्रॅकवरच्या पाठलाग शर्यतीचं) ऑलिंपिक कांस्य मिळवलेला, त्याचा पहिला व्यावसायिक करार याच संघाशी झाला. त्याचं नाव ब्रॅडली विगिन्स. आर्मस्ट्राँगच्या संघातला केव्हिन लिव्हिंगस्टनही येणार होता, पण वेळीच टेलेकॉम या जर्मन संघाकडे गेला.

तो पैसा प्रत्यक्षात नव्हता. जानेवारी २००१ मध्ये लंडनला ट्रफाल्गर चौकात नव्या हंगामाच्या संघाची ओळख करून देण्याचा कार्यक्रम होता. नवीन जर्सी दाखवायच्या त्या वेळीच संघ संपल्याची बातमी बाहेर आली. काही जणांचे पगार आधीपासून थकलेले होते. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, इतर संघांच्या जागा भरून गेलेल्या असताना, सगळे रस्त्यावर.

बस्स. टोफू की चिकन हा प्रश्न या गोष्टीत कुठेच येत नाही. ज्यांनी पाय चालवले त्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

---

घाटवेडा

काका, मस्त लिहिलंय. मला मॅकेन्झीचं नाव माहीत होतं पण तो या संघाचा हे माहीत नव्हतं.

पण एक पटत नाही. ऑलिंपिकवाले आहेत, जिरोचा टप्पा जिंकलाय, आणि दुसऱ्या वर्षी जानेवारीत सगळं शून्य? आपल्याकडे साधं रणजी संघाचं असं होत नाही. एवढ्या मोठ्या खेळात असं कसं चालतं?

मी ज्या संघाचा भक्त होतो त्याचंही असंच झालं म्हणून विचारतोय. सर्व्हेलो टेस्ट टीम. २००९ आणि २०१०, दोनच हंगाम. तिथे तर फसवाफसवीही नव्हती. सर्व्हेलो ही कॅनडातली सायकल कंपनी, जेरार्ड फ्रूमन आणि फिल व्हाइट यांनी काढलेली. सीएससी संघाला आधी त्यांच्याच सायकली होत्या. ते नातं संपल्यावर त्यांनी स्वतःचाच संघ काढला, खेळाडू सायकली, चाकं, कपडे वापरून पाहणार आणि सांगणार, असा विचार. २००८ ची टूर जिंकलेला कार्लोस सास्त्रे त्यांच्याकडे आला.

आणि पहिल्याच वर्षी काय धुमाकूळ! थोर हुशोवने बेल्जियमची ओमलोप शर्यत जिंकली. इटलीच्या मिलान-सान रेमो शर्यतीत हाइनरिक हाउसलर कॅव्हेंडिशच्या मागे चाकाच्या अंतराने दुसरा, हुशोव तिसरा. जिरोत चार टप्पे: दोन सास्त्रेचे, एक सायमन गेरन्सचा, आणि रोममधली शेवटची टाइम ट्रायल लिथुआनियाच्या कोनोवालोवासची. टूरमध्ये हुशोवला हिरवी (गुणांच्या स्पर्धेची) जर्सी, आणि कोल्मारला पावसात हाउसलर चार मिनिटांहून जास्त फरकाने एकटा आला, रडत रडत रेषा ओलांडली. त्याचा तो व्हिडिओ मी आजही ट्रेनरवर बसताना लावतो.

महिलांचा संघही त्यांचाच होता, आणि खरं सांगायचं तर तो आणखी भारी होता. क्लाउडिया हॉइस्लरने २००९ ची महिलांची जिरो जिंकली. एमा पूली २०१० मध्ये बेल्जियमची फ्लेश वालोन शर्यत जिंकली आणि सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात जिलाँगला टाइम ट्रायलची जगज्जेती झाली.

त्याच्या आधी ऑगस्टमध्येच जाहीर झालं होतं की संघ बंद होतोय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच जिलाँगमध्ये हुशोव रोड रेसचा जगज्जेता झाला. म्हणजे संघ विझत असताना त्याचे दोन खेळाडू जगज्जेत्याच्या इंद्रधनुषी जर्सीत! पुढच्या वर्षी नाव गार्मिन या दुसऱ्या संघाला जोडलं गेलं, बरेच जण तिकडे गेले. मला तेव्हा राग आला होता, अजून येतो. जिंकूनही टिकता येत नसेल तर करायचं काय?

---

जुना_स्वार

घाटवेडा, तुझा राग बरोबर ठिकाणी आहे. उत्तर पैशाच्या वाटेत आहे.

फुटबॉल क्लबचं स्टेडियम असतं. तिकिटं विकतो, टीव्हीच्या हक्कांचा वाटा येतो, खेळाडू दुसऱ्या क्लबला विकला तर पैसे मिळतात. क्रिकेटमध्ये बोर्ड आहे, म्हणून रणजीचं तू म्हणतोस तसं होत नाही. सायकलच्या रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नाही. लोक घाटात उभे राहतात, फुकट बघतात (आणि ते तसंच असावं, माझं ठाम मत). टीव्हीचे पैसे शर्यत भरवणाऱ्याकडे जातात. संघाच्या हातात उरतं काय, तर जर्सीवरची जागा. कमाई जवळजवळ सगळी तिथूनच. म्हणूनच संघाचं नाव हेच प्रायोजकाचं नाव असतं. प्रायोजक गेला की संघाला स्वतःचं नावसुद्धा उरत नाही.

त्यात करारांचं वेळापत्रक बघ. खेळाडूंचे करार वर्षाअखेर संपतात. चांगल्या संघांच्या जागा उन्हाळ्यातच भरायला लागतात. सर्व्हेलोने ऑगस्टमध्ये सांगितलं, म्हणून हुशोव, हाउसलर यांना घर मिळालं. सगळ्यांना मिळालं नाही, पण निदान शोधायला वेळ मिळाला. लिंडा मॅकार्टनीच्या मुलांना जानेवारीत कळलं. या दोन तारखांमधला फरक म्हणजे काहींच्या कारकिर्दीचा फरक आहे. बँक हमीची पद्धत आहे, काही महिन्यांचे पगार निघतील एवढी, पण हमीच्या पैशावर हंगाम चालत नाही.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. १९९५ मध्ये फ्रान्समध्ये ल ग्रुपमाँ नावाचा संघ होता, घरोघरी माल विकणाऱ्या एका कंपनीचा. १९९४ चा जगज्जेता ल्युक लब्लाँ त्यात होता. टूर सुरू व्हायला काही दिवस असताना तो संघ कोसळला. तेव्हा रॉबर्ट मिलर या नावाने शर्यती करणाऱ्या फिलिपा यॉर्क त्याच संघाच्या जर्सीत ब्रिटनच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि तीच त्यांची शेवटची शर्यत ठरली. संघ नाही म्हणून थांबल्या. डोंगरांवर चमकणाऱ्या, टूरमध्ये ठिपक्यांची (सर्वोत्तम घाटवीराची) जर्सी मिळवलेल्या या स्कॉटलंडच्या खेळाडूची कारकीर्द अशी संपली. हे वाचलं की अजून पोटात तुटतं.

सर्व्हेलोचं दुखणं वेगळं होतं. सायकल कंपनीने संघाचा मुख्य खर्च स्वतः उचलणं फार जड जातं. कंपनी सायकली विकणार, त्यातून उरलेल्या नफ्यावर पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन संघ पोसणार, आणि दुसरा मोठा प्रायोजक सापडला नाही. दोन वर्षं चालवलं हेच मला मोठं वाटतं. महिलांच्या संघाबद्दल तू लिहिलंस ते फार बरं केलंस. त्या काळात पुरुषांच्या संघाच्या बरोबरीने महिलांचा संघ इतक्या मनापासून क्वचितच कुणी चालवत होतं.

---

आहारतज्ज्ञ_कोल्हापूर

माझा विषय निघाला म्हणून थोडंसं. पेडलवाली, तुमच्या दादांचा गैरसमज खूप जणांचा असतो, की लांब पल्ल्याला प्रथिनं जाळली जातात. बारा-पंधरा तासांच्या राइडमध्ये पायांना लागतं ते मुख्यतः कर्बोदक आणि चरबी. कर्बोदक आपल्या शाकाहारी ताटात भरपूर आहे.

३०० साठी वीस तास मिळतात. सराव असेल तर तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. त्यामुळे एक केळं आणि राजगिऱ्याची वडी, किंवा बाटलीत साखर-मीठ-लिंबू. उन्हात गोड नकोसं होतं, तेव्हा दहीभात किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा जातो. भूक लागण्याची वाट बघू नका, घड्याळ बघून खा. आणि हे सगळं आधी सरावात खाऊन बघा, राइडच्या दिवशी पहिल्यांदा नको.

मिसळ शेवटच्या कंट्रोलनंतर (वाटेतल्या तपासणी नाक्यानंतर). मी कोल्हापूरची आहे, मनावर दगड ठेवून सांगतेय.

दुरुस्तीसाठी मात्र प्रथिनं लागतातच, राइडनंतर आणि रोज. उसळ, डाळ, ताक, पनीर, सोया वाटून घ्या, एकाच जेवणात कोंबू नका. आणि अंडंही खात नसाल तर बी-१२ आणि लोह तपासून घ्या. शाकाहारी बायकांमध्ये घाटात धाप लागते त्याचं कारण पुष्कळदा हिमोग्लोबिन असतं, आणि दोष सरावाला दिला जातो. हे मी रोज बघते, म्हणून कळकळीने सांगते.

---

पेडलवाली_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताई, बी-१२ दोन वर्षांपूर्वी कमी आलं होतं, नंतर परत बघितलंच नाही. उद्याच रक्त देते.

काका, अटलांटाच्या दोन पदकांचं वाक्य मी पाठ केलंय. आमच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेव्हापासून इथे सायकलवेड घराघरांत आहे, पण युरोपातल्या संघांबद्दल आम्हाला फारच कमी माहीत असतं. हा धागा मी ग्रुपवर टाकतेय.

एक राहिलं. त्या जानेवारीनंतर त्या मुलांचं काय झालं? मॅकेन्झी? आणि विगिन्स म्हणजे तोच ना, टूर जिंकलेला?

---

जुना_स्वार

तोच. विगिन्सला वर्षभर ब्रिटनच्या राष्ट्रीय पथकातून काढावं लागलं, मग २००२ मध्ये फ्रान्सेज दे ज्यू या फ्रेंच संघात जागा मिळाली. २०१२ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. त्या टूरमध्ये टीम स्काय या त्याच्या ब्रिटिश संघाच्या मोटारीतून त्याला सूचना देणारा प्रमुख संचालक कोण होता? शॉन येट्स. ज्या संघात दोघं एकत्र हंगाम काढणार होते तो अकरा वर्षांपूर्वी बुडाला होता. येट्सला त्या मोटारीत बघताना मला ट्रफाल्गर चौकच आठवत होता.

शांद्री पुढे इटलीत, टस्कनीतल्या क्वाराटा गावी, ब्रिटनच्या तरुण खेळाडूंच्या अकादमीत मार्गदर्शक झाला. आज ब्रिटिश सायकलिंग जिथे आहे, त्यात या जुन्या संघातल्या माणसांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं, आणि त्याचं श्रेय त्यांना क्वचितच दिलं जातं.

१९९८ चा ब्रिटिश चॅम्पियन मॅट स्टीव्हन्स हाही त्या जिरोत धावला होता. तो नंतर पोलिसात नोकरीला लागला, आणि बऱ्याच वर्षांनी समालोचक म्हणून परत आला. आवाज ऐकला असेल तुम्ही, फार गोड बोलतो. मॅकेन्झी पुढे ऑस्ट्रेलियात टीव्हीवर सायकलिंगचं समालोचन करू लागला, एसबीएस वाहिनीवर. कुणी एकटा फुटून पुढे गेला आणि मागून घोळका गणित मांडायला लागला, की त्याचं बोलणं मुद्दाम ऐका.

दादांना माझा नमस्कार सांगा. ३०० चा निकाल इथे जरूर कळवा.